उमेदवाराच्या मुलांनी घरात बसावे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या विद्यमान विधानसभेची आणि 2022 साली निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची मुदत 2027 मध्ये संपते. त्यामुळे कोण उभे राहणार, कोणता प्रभाग राखीव होणार, याची चर्चा गावोगावी चालते. या चर्चेत एक मत मला वारंवार ऐकू येते आणि ते मांडणारी माणसे वाईट हेतूने बोलतात असे मुळीच नाही. आईला किंवा वडिलांना निवडणूक लढवायची असेल तर त्यांनी खुशाल लढवावी, परंतु कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना त्यात ओढू नये, असे ते मत आहे. त्यामागची काळजी मला समजते. तरीही ते मत मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे जरा विस्ताराने लिहिण्यास आपण जागा द्यावी, ही विनंती.

2022 च्या पंचायत निवडणुकीत माझी आई पेडणे तालुक्यातील आमच्या गावात महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून उभी होती. त्या वेळी मी बीएच्या दुसऱ्या वर्षात शिकत होते. ती निवडणूक लांबत चालली होती. अखेर उच्च न्यायालयाने 45 दिवसांची मुदत घालून दिल्यानंतर 10 ऑगस्ट रोजी 186 पंचायतींसाठी मतदान झाले. म्हणजे सारा प्रचार भर पावसात, भातलावणी उरकते न उरकते तोच आणि चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आलेली असताना करावा लागला. कॉलेजचे सत्र सुरू झाले होते आणि अंतर्गत चाचण्याही त्याच सुमारास होत्या. मुलांना यात ओढू नये असे म्हणणाऱ्यांना जी ओढाताण दिसते ती खरीच असते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पण गोव्यातील घरांची घडण कशी आहे, हेही पाहायला हवे. आपल्याकडे घरातले एक माणूस सरकारी नोकरीत असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. माझे बाबाही सरकारी नोकरीत आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यातील पाचव्या नियमानुसार सरकारी कर्मचाऱ्याला विधिमंडळाच्याच नव्हे, तर स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतही कोणाचा प्रचार करता येत नाही. तो मत देऊ शकतो, परंतु ते कोणाला देणार किंवा दिले याचा सुगावा त्याने लागू द्यायचा नसतो. निवडणूक चिन्ह अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर लावणेसुद्धा त्या नियमात निवडणुकीत आपले वजन वापरण्यासारखे धरले आहे. बायको उमेदवार असली तरी नवऱ्याला यातून सूट नाही. म्हणून बाबांच्या स्कूटरवर आईच्या निशाणीचा स्टिकर कधी लागला नाही आणि ते कोणाच्या उंबऱ्यावर मत मागायला गेले नाहीत. त्या दिवसांत सकाळचा चहा, दुपारचे शीत-कढी आणि आजीची औषधे एवढे सगळे त्यांनी एकट्याने सांभाळले. मला तो वाटा कमी मोलाचा वाटत नाही, पण दारोदार जाण्यासाठी आईसोबत माणूस हवे होते आणि ते माणूस मीच होते. मुलांना दूर ठेवा असे सांगणाऱ्यांनी अशा घरातील बाईने मग कोणाच्या आधारावर उभे राहायचे, याचेही उत्तर द्यायला हवे. पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांना राखून ठेवल्या आणि त्यांच्या घरच्यांना मात्र मागे ओढले, तर त्या जागा कागदावरच भरतात.

निवडणुकीतील कष्ट म्हणजे नेमके काय, हे बाहेरून दिसत नाही. घोषणा, ध्वनिक्षेपक आणि फलक एवढेच सर्वांच्या नजरेस पडते. आमचे पहिले काम मतदारयादीचे होते. पंचायतीच्या एका प्रभागात काही शेकडा मतदार असतात, त्यामुळे हातावर मोजण्याइतक्या मतांनीही निकाल फिरू शकतो. आम्ही प्रभागाची यादी छापून घेतली, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घर क्रमांकाप्रमाणे एकेक नाव तपासत गेलो. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या घराखाली तशीच होती. काही नावांपुढे मी पेन्सिलीने ‘बोटीवर’ असे लिहिले, काहींपुढे ‘आखातात’, काहींपुढे ‘मुंबईला, चवथीला येणार’. आणि चवथ तर मतदानानंतर तीन आठवड्यांनी होती. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला गेलेल्या एका कुटुंबाचीही नावे यादीत होती. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारल्यावर भारताचे नागरिकत्व आणि त्याबरोबर मताचा अधिकारही संपतो, हे मी पुस्तकात वाचले होते. पण एका बंद घराच्या दाराशी छत्री धरून उभी असताना आपल्या गावातून किती माणसे निघून गेली, हे मला पहिल्यांदा कळले. राज्यशास्त्राच्या तासाला मला हे कोणी शिकवले नव्हते आणि शिकवूनही ते असे समजले नसते.

दारोदारच्या फेरीत माणसे जे विचारत, त्याने माझे डोळे उघडले. एका आजीने आम्हाला ओसरीवर बसवून घेतले, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी हयातीचा दाखला कुठे द्यायचा ते विचारले. आणखी कोणाला गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचा अर्ज भरून हवा होता, कोणाला वहाळावरच्या साकवाबद्दल बोलायचे होते, तर कोणी दारातल्या गटाराकडे बोट दाखवून पाच वर्षांत पंचाने, म्हणजे प्रभागातून निवडून दिलेल्या पंचायत सदस्याने, इथे पाऊल टाकले नाही असे सुनावले. आई प्रत्येक ठिकाणी कोणते काम पंचायतीच्या हातात आहे आणि कोणते नाही, हे सांगे. योजनेचे पैसे पंच मंजूर करत नाही, तो फक्त सोबत येऊ शकतो, अर्ज समजावून देऊ शकतो, असे तिने त्या आजीला स्पष्ट सांगितले. मते मागायला आलेल्या बाईने आपल्या हातात काय नाही हे आधी सांगावे, याचे माझ्यासोबतच्या मैत्रिणीला नवल वाटले. मला मात्र आईचा अभिमान वाटला, आणि तो मी इथे मोकळेपणाने नोंदवते.

आईला साथ देणे म्हणजे तिच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणे नव्हे. आमचे सर्वांत मोठे भांडण तिच्या प्रचारपत्रकावरून झाले. आमच्या वाड्याच्या मागच्या डोंगरउतारावर बांधकाम येणार अशी कुणकुण होती. त्यावर काही लिहिले तर बांधकामाच्या धंद्यात असलेली चार घरे दुखावतील, म्हणून गप्प राहावे असे आईच्या काही हितचिंतकांचे म्हणणे होते आणि आईचे मनही तिकडे झुकत होते. मी आणि माझा मामेभाऊ दोघेही कॉलेजात शिकणारे; आम्ही रात्री उशिरापर्यंत तिच्याशी वाद घातला. डोंगर कापला की खालच्या विहिरींचे काय होते हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मग उमेदवारानेच त्यावर मौन का पाळावे, असा आमचा प्रश्न होता. शेवटी पत्रकात एक ओळ आली: अशा कोणत्याही बांधकामाचा विषय ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय मी पंचायतीत त्याच्या बाजूने हात वर करणार नाही. त्या ओळीमुळे काही मते गेली असतील. परंतु ती ओळ छापली गेली, ती लोकांनी जपून ठेवली आणि पुढे ग्रामसभेत आईसमोर वाचूनही दाखवली. मुले प्रचारात नसती तर पत्रकात रस्ता, पाणी आणि वीज या नेहमीच्या तीन शब्दांपलीकडे काही आले असते असे मला वाटत नाही. ज्या घरात तरुण मुले प्रश्न विचारतात, त्या घरातल्या उमेदवाराला गावाचे प्रश्न टाळणे कठीण जाते. आणि म्हणूनच मुलांनी यात उतरावे असे मी आग्रहाने म्हणते.

पैशांचा विषय अवघड आहे, पण तो टाळता येत नाही. आई स्वयंसाहाय्य गटाचा हिशेब अनेक वर्षे ठेवत आली होती, त्यामुळे निवडणुकीच्या खर्चाची वही पहिल्या दिवसापासून उघडली गेली आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पत्रके, पेट्रोल, पोरांच्या चहा-पावाचा खर्च, सगळे तारीखवार. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी मागून कोण हात देते आणि का देते, हे गावात लपत नाही. आम्हालाही मदत देऊ करण्यात आली आणि ती घेतली तर वहीत लिहावी लागेल एवढे सांगताच ती देऊ करणारे निघून गेले. काही घरांत उघडपणे चवथीच्या सामानाची अपेक्षा व्यक्त झाली. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणे हा भारतीय न्याय संहितेच्या 170 व्या कलमाखाली लाचेचा गुन्हा आहे आणि घेणाराही त्यात येतो. पण अडचणीत असलेल्या घरासमोर उभे राहून कलम सांगणे सोपे नसते. आईने कलम सांगितले नाही. माझी मुलगी सोबत आहे, तिच्यादेखत मी हे करणार नाही, एवढेच ती म्हणाली. आईचा तो निश्चय टिकण्याला माझी उपस्थिती थोडीफार कारणीभूत ठरली असेल, तर माझे बुडालेले तास सार्थकी लागले असे मी मानते.

आता कॉलेजविषयी. 18 व्या वर्षी मताचा अधिकार देणारी 61 वी घटनादुरुस्ती 1989 पासून अमलात आहे, तर पंचायतीला उभे राहण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. मधली वर्षे ही नेमकी कॉलेजची वर्षे आहेत. या वर्षांत तरुण माणसाला मत देता येते, पण स्वतः उभे राहता येत नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या उमेदवारीसाठी काम करणे हाच निवडणूक आतून पाहण्याचा त्याचा मार्ग उरतो. ते दुसरे कोणी आपले आई-वडील असतील, तर त्यात गैर काय? दर वर्षी 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन म्हणून आम्हाला सभागृहात उभे करून शपथ दिली जाते, कॉलेजांमधून मतदार साक्षरता मंडळे चालवली जातात, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात. आणि तीच विद्यार्थिनी उमेदवाराची मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसणार असे सांगते, तेव्हा तिला राजकारणापासून लांब राहण्याचा सल्ला मिळतो. मला तो मिळाला. सल्ला देणाऱ्या शिक्षिकेचा उद्देश माझ्या भल्याचाच होता, यात मला शंका नाही. विद्यार्थी निवडणुकांबाबत लिंगडोह समितीने ज्या शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केल्या, त्यांचाही दाखला अनेकदा दिला जातो. परंतु त्या शिफारशी विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत राजकीय पक्षांनी शिरू नये यासाठी आहेत. नागरिक असलेल्या विद्यार्थ्याने गावाच्या निवडणुकीत भाग घेऊ नये, असे त्यात कुठेही नाही.

मतदान केंद्रातला तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मतपत्रिकेवर मतदान होते, त्यामुळे सुरुवातीला मतपेटी रिकामी असल्याचे सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून मग ती सीलबंद झाली. माझ्या शेजारी प्रतिस्पर्धी उमेदवाराचा पुतण्या बसला होता, तोही कॉलेजचाच. दुपारी त्याच्या घरून आलेला डबा आम्ही दोघांनी खाल्ला. मतदारांच्या नावांवर खुणा करताना त्याची यादी आणि माझी यादी यांचा मेळ बसेना, तेव्हा आम्ही दोघांनी शांतपणे एकेक क्रमांक पडताळून पाहिला. बाहेर मोठी माणसे एकमेकांकडे बघत नव्हती. 12 तारखेला मतमोजणी झाली आणि आई निवडून आली, त्या संध्याकाळी त्याने मला फोन करून अभिनंदन केले.

यापुढचा आक्षेप घराणेशाहीचा आणि तो मी फार गंभीरपणे घेते. 2022 च्या विधानसभेत आपल्याकडे तीन दांपत्ये एकाच वेळी निवडून आली, तेव्हा नात्याने सत्ता पसरण्याची भीती गोमंतकीय वाचकाला वाटली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. वडिलांनंतर मुलीकडे गोव्याची धुरा आली याचे उदाहरण म्हणून भाऊसाहेब बांदोडकर आणि शशिकलाताई काकोडकर यांची नावे नेहमी घेतली जातात. पण 1973 मध्ये ताई मुख्यमंत्री झाल्या तेव्हा त्या आधीच स्वतः निवडणूक लढवून विधानसभेत आलेल्या होत्या, हे त्यासोबत सांगितले जात नाही. प्रचारात राबणे आणि वारस म्हणून पुढे येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यातली रेघ घरातल्या माणसांनीच आखली पाहिजे. आमच्या घरी ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी आखावी लागली. रहिवासी दाखल्यापासून घरदुरुस्तीच्या अर्जापर्यंतचे कागद लोक माझ्या हातात देऊ लागले, माझ्या फोनवर संदेश येऊ लागले, कारण आईपेक्षा मी शिकलेली आणि मोबाईलवर चटकन सापडणारी. बाबांकडेही कागद येत. आम्ही तिघांनी बसून ठरवले की कागद फक्त आईच घेईल. इंग्रजी पत्र तिला समजले नाही तर मी वाचून दाखवीन, उत्तर मात्र तिच्या तोंडून आणि तिच्या सहीने जाईल. पंचायतीच्या बैठकीला मी तिला सोडायला जाईन, आत जाणार नाही. सुरुवातीला काहींना हा आमचा शिष्टपणा वाटला. वर्षभरात मात्र लोकांना सवय झाली आणि आईलाही नियमांची पुस्तिका स्वतः उलगडण्याची सवय झाली. महिला पंचाच्या नावावर नवरा किंवा मुलगा कारभार हाकतो, या तक्रारीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मुलांना याची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात कॉलेजच्या सहलीतला माझा एक फोटो भलत्याच मजकुरासह गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला. उमेदवार आईला खाली पाहायला लावायचे तर तिच्या मुलीच्या चारित्र्यावर बोलावे, हा हिशेब किती जुना आणि किती क्षुद्र आहे! आई त्या रात्री माघारीची भाषा बोलू लागली, पण माघारीची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि मलाही ती नको होती. दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या बायका स्वतःहून आमच्यासोबत फिरायला आल्या, त्यांत विरोधी बाजूच्याही दोघी होत्या. ज्या मुलांना हे सोसवत नाही, ज्यांची परीक्षा अगदी तोंडावर आहे किंवा ज्यांना आई-वडिलांचे राजकारणच मान्य नाही, त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करू नये. मुलाचे मत गुप्त आहे आणि ते त्याचे स्वतःचे आहे, घरातल्या उमेदवारालाही ते विचारण्याचा हक्क नाही. विधानसभेच्या उमेदवाराला तर शपथपत्रात जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्या मुलांचीही मालमत्ता जाहीर करावी लागते. म्हणजे मुलांच्या नावावरचे बँक खातेही लोकांसमोर येते. अर्ज भरण्याआधी आई-वडिलांनी मुलांना समोर बसवून हे सगळे सांगितले पाहिजे. प्रचाराची गाडी मुलाच्या नावावर दाखवणे, खर्च त्याच्या खात्यातून फिरवणे, असले प्रकार तर कोणत्याही पालकाने करू नयेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. 2027 च्या निवडणुकांपूर्वी कॉलेजांतील मतदार साक्षरता मंडळांनी शपथेपलीकडे जाऊन विद्यार्थ्यांना मतदारयादी कशी वाचावी, मतदान प्रतिनिधीचे अधिकार आणि मर्यादा काय, खर्चाचा हिशेब कसा ठेवावा, हे शिकवावे; तालुक्यातले निवडणुकीचे काम केलेले निवृत्त कर्मचारी यासाठी आनंदाने येतील असा माझा अंदाज आहे. क्रीडा स्पर्धांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांची हजेरी जशी धरली जाते, तशी मतदान केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या विद्यार्थ्याची मतदानाच्या आणि मोजणीच्या दिवशीची हजेरी धरण्याचा विचार गोवा विद्यापीठाने करावा, मग तो विद्यार्थी कोणत्याही उमेदवाराचा असो. आणि गावातल्या ज्या बहिणी या वेळी उभे राहावे की नाही अशा विचारात आहेत, त्यांनी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आजच मतदारयादी वाचायला बसवावे. आमच्या प्रभागाचे आरक्षण बदलले तर आई पुन्हा उभी राहील की नाही हे अजून ठरलेले नाही. ती उभी राहिली, तर या खेपेस तिच्यासोबत फिरायला माझा धाकटा भाऊ तयार आहे. तो फोंड्याला अभियांत्रिकी शिकतो आणि रविवारच्या ग्रामसभेसाठी गावी येतो.

आपली नम्र,
एक वाचक
पेडणे तालुका